तीन मतांनी हुकलेली वाट

1 एप्रिल 2019 च्या रात्री ब्रिटनच्या कनिष्ठ सभागृहात एका ठरावावर मतदान झाले. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावरही ब्रिटनने त्याच्याशी कायमस्वरूपी सीमाशुल्क संघ राखावा, असे हुजूर पक्षाचे ज्येष्ठ सदस्य केनेथ क्लार्क यांचे म्हणणे होते. ठरावाच्या बाजूने 273 मते पडली, विरोधात 276. ठराव बंधनकारक नव्हता. तरीही ब्रेक्झिटला झालेला विरोध का फसला, हे समजून घ्यायचे तर या तीन मतांपाशी थांबावे लागते.

पार्श्वभूमी थोडक्यात पाहू. ब्रिटन 1973 मध्ये युरोपीय समुदायात सामील झाला आणि 1975 च्या सार्वमतात 67 टक्के मतदारांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. 23 जून 2016 च्या सार्वमताने हा कौल फिरवला. बाहेर पडण्याच्या बाजूने 51.9 टक्के, राहण्याच्या बाजूने 48.1 टक्के. स्कॉटलंडने मात्र 62 टक्क्यांनी आणि उत्तर आयर्लंडने 55.8 टक्क्यांनी राहण्याचा कौल दिला होता. मतपत्रिकेवर पर्याय दोनच होते: राहायचे की बाहेर पडायचे. बाहेर पडून जायचे कुठे, हे तिच्यावर नव्हते.

हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. युरोपीय संघाशी असलेले नाते एकपदरी नसते. सीमाशुल्क संघात आपापसांत जकात नसते आणि बाहेरून येणाऱ्या मालावर सर्वांची जकात सारखी असते. एकसंध बाजारपेठेत त्यापुढे जाऊन माल, सेवा, भांडवल आणि माणसे यांचा मुक्त संचार असतो, नियमही सामाईक असतात. नॉर्वे संघाचा सदस्य नाही, पण या बाजारपेठेत आहे. तुर्कस्तान बाजारपेठेत नाही, पण औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे. म्हणजे ‘बाहेर’ या एका शब्दात अनेक मुक्काम दडलेले होते.

मुक्काम कोणी ठरवायचा? सरकारचे उत्तर होते, आम्ही. या दाव्याला जीना मिलर यांनी न्यायालयात आव्हान दिले. 24 जानेवारी 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 8 विरुद्ध 3 अशा बहुमताने निर्णय दिला की संसदेने कायदा केल्याशिवाय सरकारला संघ सोडण्याची नोटीस देता येणार नाही. सप्टेंबर 2019 मध्ये पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी संसद पाच आठवडे स्थगित केली, तेव्हा अकरा न्यायमूर्तींनी एकमताने ती स्थगिती बेकायदा ठरवली. यातला विरोधाभास लक्षणीय आहे. सार्वभौमत्व परत मिळवण्याची घोषणा ब्रेक्झिटवाल्यांची होती. संसदेचे सार्वभौमत्व न्यायालयात राखले ते प्रामुख्याने त्यांच्या विरोधकांनी.

पण हाती आलेल्या अधिकाराचे काय करायचे, यावर विरोधकांचे एकमत होईना. थेरेसा मे यांचा करार 15 जानेवारी 2019 रोजी 432 विरुद्ध 202 मतांनी फेटाळला गेला. 27 मार्चला आठ पर्याय मतास टाकले गेले; आठही पडले. 1 एप्रिलला त्यांतले चार पुन्हा आले. क्लार्क यांचा पर्याय तीन मतांनी गेला. कोणत्याही करारावर पुन्हा जनमत घ्यावे, हा पर्याय 280 विरुद्ध 292 असा हरला. संघातच राहण्याचा आग्रह असलेल्या काही सदस्यांनी क्लार्क यांना मत दिले नाही, कारण त्यांच्या दृष्टीने मवाळ ब्रेक्झिट हाही ब्रेक्झिटच होता. मवाळ मार्ग मान्य असलेल्या काहींना पुन्हा सार्वमत घेणे म्हणजे मतदारांचा अवमान वाटे. ‘हे नको’ म्हणायला सभागृहात बहुमत होते. ‘हे हवे’ म्हणायला नव्हते.

या हुकलेल्या वाटेची किंमत कोणी मोजली? एक उदाहरण आपल्या शेजारचे आहे. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवता येते. त्या आधारे हजारो गोमंतकीय ब्रिटनमध्ये, विशेषतः स्विंडनमध्ये, स्थायिक झाले. सार्वमतात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकांना मत होते. पोर्तुगीज नागरिकांना नव्हते. म्हणजे गोव्यातून तिथे गेलेल्या दोन शेजाऱ्यांपैकी भारतीय पासपोर्टवाला मत देऊ शकत होता आणि ज्याच्या वास्तव्याचाच हा प्रश्न होता, तो देऊ शकत नव्हता. 2020 अखेरपर्यंत तिथे राहायला आलेल्यांना अर्ज करून हक्क राखता आला. नंतर येणाऱ्यांसाठी मुक्त संचाराचे दार बंद झाले. क्लार्क यांच्या ठरावानेही ते उघडे राहिले नसते, कारण सीमाशुल्क संघ मालाचा असतो, माणसांचा नव्हे. उत्तर आयर्लंडचे मात्र त्याने बरेच ओझे हलके केले असते. आज ब्रिटनहून तिकडे जाणाऱ्या मालासाठी एकाच देशाच्या दोन भागांमध्ये, समुद्रात, जकातीची रेघ ओढली गेली आहे.

डिसेंबर 2019 च्या निवडणुकीत हुजूर पक्षाला 43.6 टक्के मतांवर 650 पैकी 365 जागा मिळाल्या आणि 31 जानेवारी 2020 रोजी ब्रिटन संघाबाहेर पडला. सार्वमताचा कौल लागल्यावर विरोध करणे लोकशाहीविरोधी ठरते, असे तेव्हा वारंवार म्हटले गेले. ते खरे नाही. 1975 चा कौल मान्य नसलेल्यांनीही चार दशके आपला विरोध सोडला नव्हता. फरक इतकाच की बाहेर पडायचे, यावर ते शेवटी एकत्र आले. राहू इच्छिणाऱ्यांना, आपले पहिले पसंतीचे घर मिळत नसेल तर दुसरे कोणते चालेल, हे वेळेत ठरवता आले नाही.