गोधडीच्या पोटात कोण दडलंय?

ए दोस्ता, एक कोडं घालू? गोधडीत सगळ्यात महत्त्वाचं काय असतं? कापड? अंहं! दोरा? तोही नाही! हवा! हो, तुझ्या नाकासमोर आहे ना, तीच हवा!

गोधडीला स्वतःची ऊब नसतेच मुळी. ऊब असते तुझ्या अंगाची! गोधडी ती फक्त बाहेर पळू देत नाही. कशी?

समज, वर्गात शेवटच्या बाकावरून पहिल्या बाकावर चिठ्ठी पोचवायची आहे. मुलं खेटून बसली असतील, तर चिठ्ठी झरझर पुढे जाते. पण दोन-दोन बाकं सोडून एकेकच मूल बसलं असेल तर? चिठ्ठी रखडते! हवेचे कण असेच लांब लांब असतात. त्यांच्याकडून ऊब पुढे सरकता सरकत नाही.

मात्र एक अट आहे. कुणी जागचं उठायचं नाही! एखादा चिठ्ठी घेऊन पळत सुटला, की झालंच! म्हणून हवेला जागच्या जागी बसवतात ते कापडाचे थर. आणि थर सरकू नयेत म्हणून असतो धावदोरा!

आता गोधडीच्या सुती कापडातल्या कापसाची गंमत ऐक. माणसं, झाडं, प्राणी सगळे पेशींचे बनलेले असतात. या पेशी इतक्या इवल्या, की बहुतेक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पण कापसाचा एक तंतू म्हणजे अख्खी एकच पेशी! आणि लांबी? चांगली अडीच-तीन सेंटीमीटर! बोंड उकललं की हा तंतू वाळतो, चपटा होतो आणि स्वतःभोवतीच पीळ घेतो. असे पीळदार तंतू अगदी चिकटून बसूच शकत नाहीत. मधे फटी राहतात. फटीत कोण? आपली हवा!

चल, बाहुलीसाठी गोधडी शिवू या! बडोद्यात नवरात्र म्हणजे गरबा, आणि गरबा म्हणजे चणिया-चोळी! ती शिवली की कात्रणं उरणारच. लाल, पिवळी, हिरवीगार! त्यातले आरसे नसलेले सुती तुकडे निवड. १६ चौकोन काप, प्रत्येक बाजू १० सेंटीमीटर. कडेपासून एक सेंटीमीटर आत शिवण घालत, एका रांगेत चार, अशा चार रांगा जोड. बाहेरच्या कडा एकेक सेंटीमीटर आत दुमड.

गोधडी किती रुंद झाली? ४० सेंटीमीटर? मोजून बघ. फक्त ३२! बाकीचं कापड गेलं कुठे? शिवणीत! प्रत्येक तुकड्याची दोन्ही बाजूंनी एकेक सेंटीमीटर कड आत दडली. शिंपीकाका तिला माया म्हणतात. माया सोडली नाही, तर धागे सुटतात आणि शिवण उसवते.

आता खाली आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा अंथर. मधे उरलेल्या चिंध्या पसर. वर तुझे चौकोन. जाड सुई घे आणि मोठं माणूस जवळ बसव. कडेपासून टाके घालत, चौकोनी फेरे मारत मध्यापर्यंत ये. दोरा करकचून ओढायचा नाही हं! थर दाबले गेले, की हवा बाहेर!

बडोद्यात सुईदोऱ्याला मोठा मान आहे बरं का! इथे १९१४ साली महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय सुरू झालं. बायकांनी शिवणकामासारखी कला शिकावी आणि स्वतःच्या पायावर उभं राहावं, म्हणून!

झाली गोधडी? मग खरी धमाल पुढेच आहे! बर्फाचे दोन सारखे खडे दोन छोट्या पिशव्यांत घाल. एक उघड्यावर ठेव, दुसरा गोधडीत गुंडाळ. आधी कुठला वितळेल? गोधडीतला? बघ तर खरं! उघड्यावरचा आधी वितळतो, गोधडीतला टिकून राहतो! बाहेरची ऊब आत शिरायला निघाली, की तिलाही हीच हवा आडवी येते.

उन्हाळ्यात बर्फवाले लादी गोणपाटात का गुंडाळतात, हे आता तूच सगळ्यांना समजावून सांग!