ओठ शिवला, तरी नाक वाकडे का?

तान्हेपणी दुभंगलेल्या ओठाची शस्त्रक्रिया झाली, टाके सुकले, चेहरा छान दिसू लागला. मग मूल शाळेत जाईपर्यंत नाक एका बाजूला का झुकते? भंडाऱ्यापासून लाखांदूरपर्यंत कुठल्याही घरात हा प्रश्न निघाला की बोट आईकडेच वळते. ग्रहणात विळी हाती घेतली असेल! ओठ जुळण्याचे काम गर्भाच्या सातव्या आठवड्याच्या सुमारास उरकलेले असते. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचे नुकतेच कळलेले असते. ग्रहणाचा इथे काडीचाही संबंध नाही.

खरे कारण हाडात आहे. फट हिरडीतून, टाळूतून आरपार गेली की वरच्या जबड्याचे दोन असमान तुकडे होतात. फटीकडचा लहान तुकडा मागे दबतो, नाकाच्या पडद्याचा पाया फट नसलेल्या बाजूला सरकतो. मांडवाची एक मेढ खड्ड्यात गेली, तर वरचे कापड ताणून काय होणार? खालचा जबडा मात्र बराचसा सरळ राहतो.

श्रीलंकेत 1984 पासून मायकेल मार्स या ब्रिटिश दंततज्ज्ञाने शस्त्रक्रियाच न झालेली मोठी माणसे तपासली. त्यांचा वरचा जबडा जवळजवळ नेहमीसारखा वाढलेला होता! म्हणजे जबड्याची वाढ रोखण्यात टाळूवरच्या व्रणाचाही मोठा वाटा. पण टाळू उशिरा शिवला तर बोलणे सुधारत नाही. हा पेच आजही सुटलेला नाही.

पंढरपूरला जन्मलेले, न्यूयॉर्कला स्थायिक झालेले डॉ. शरदकुमार दीक्षित कर्करोगाने स्वरयंत्र गेल्यावरही दरवर्षी भारतात येऊन मोफत शिबिरांत असे ओठ शिवत राहिले. त्यांच्यापुढे मी नतमस्तक आहे. तरीही शिबिराचा फोटो छापला जातो, दात आणि जबडा सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट कुणाला आठवत नाही, याची मला खंत वाटते. खरे तर वर्षानुवर्षे मुलाला सांभाळतो तो.

त्याच्या साथीने शल्यचिकित्सक करतात तो सर्वांत सुंदर उपाय पाहा. आठ ते अकरा वर्षांच्या दरम्यान कमरेच्या हाडातला मऊ गर काढून हिरडीच्या फटीत भरतात. काही महिन्यांनी एक्स-रेत वरचा सुळा त्या नव्या हाडातून खाली उतरताना दिसतो. दात आला की हाडही टिकते, आणि नाकाच्या त्या बाजूला आधार मिळतो.

म्हणून शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक आले आणि ओठावर जुना व्रण दिसला, तर मुलाची हिरडी जरूर तपासून घ्यावी. सुळा यायच्या आत नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवावे. नंतर हे हाड तितके चांगले धरत नाही.