इद्दतीतले कागद आणि इन्कम टॅक्सची भीती

पंढरपुरात आमच्या मोहल्ल्यातल्या एका आपांचे शौहर राज्य सरकारच्या नोकरीत असतानाच अल्लाहला प्यारे झाले. आपा इद्दतीत होत्या. ग्रॅच्युइटी, भविष्य निर्वाह निधी, शिल्लक रजेचे पैसे अशी मोठी रक्कम यायची होती. कुणीतरी सांगितलं, "तिसरा हिस्सा टॅक्समध्ये जाईल, आली की दिराच्या खात्यात टाका." आपांनी ऐकलं. पैसे परत मिळायला दोन वर्षं गेली, तेही तुकड्यातुकड्यांनी.

आणि टॅक्स लागणारच नव्हता.

केंद्र व राज्य सरकारी कर्मचाऱ्याची ग्रॅच्युइटी, निवृत्तीच्या वेळी मिळणारे शिल्लक रजेचे पैसे आणि विकलेल्या पेन्शनची एकरकमी रक्कम पूर्ण करमुक्त आहे. खासगी नोकरीत मात्र मर्यादा आहे : ग्रॅच्युइटीला 20 लाख, रजेच्या पैशाला 25 लाख. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत आलेल्यांपैकी जे एनपीएसमध्ये आहेत, त्यांना निवृत्तीला जमा रकमेतले साठ टक्के काढले तर त्यावर कर नाही.

दरमहा येणारी पेन्शन मात्र करपात्र आहे. इथेच लोक गोंधळतात. स्वतःची पेन्शन पगारासारखी धरतात. नव्या करपद्धतीत त्यातून 75,000 रुपये वजा होतात. विधवेची कुटुंब पेन्शन 'इतर उत्पन्न' समजतात. तिथे एक तृतीयांश किंवा 25,000, यांतलं जे कमी ते वजा. आपांना महिना 22,000 मिळतात, वर्षाचे 2,64,000. वजावटीनंतर 2,39,000 उरतात. 2025-26 साठी चार लाखांपर्यंत करच नाही.

फौजींचे नियम वेगळे. परमवीर, महावीर व वीर चक्र विजेत्यांची पेन्शन करमुक्त, तसंच लढाईत शहीद झालेल्या जवानाच्या पत्नी-मुलांची कुटुंब पेन्शनही. लष्करी सेवेमुळे अपंगत्व येऊन फौज सोडावी लागली, तर ती पेन्शनही करमुक्त. पण पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्याला ही सूट नाही, असं 2019 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे.

एक गोष्ट आपल्या घरांत हमखास चुकते. "व्याज आम्ही खात नाही, गरिबाला देऊन टाकतो," म्हणून ते कुणी हिशेबात धरत नाही. आयकर खातं धरतं. खात्यात जमा झालं की ते तुमचंच उत्पन्न. जकात कुणा गरजूच्या हातात दिली, तर तिचीही वजावट मिळत नाही. शिवाय वजावटींआधीचं एकूण उत्पन्न चार लाखांवर गेलं, तर कर शून्य असला तरी रिटर्न भरावं लागतं.

इद्दतीत बाहेर पडता येत नाही म्हणून कागद दुसऱ्याच्या हाती सोपवू नयेत. मुलाने किंवा भावाने अर्ज घरी आणावा, वाचून दाखवावा, मग सही घ्यावी. आणि खातं? तिच्या एकटीच्या नावाचं.