खिशात चाकू ठेवावा का?

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिलचा पहिला आठवडा, सकाळची शाळा, नववीचा वर्ग. मी फळ्यावर उर्दूचे शब्दार्थ लिहीत होते. मागच्या बाकावरून कंपासपेटी पडल्याचा आवाज झाला आणि वर्ग एकदम गप्प झाला. वर्ग असा गप्प झाला की मागे वळून पाहावे, हे बी.एड.ला कोणी शिकवत नाही, अनुभवानेच कळते. फरशीवर पट्टी, खोडरबर, कर्कटक आणि त्यांच्यात एक बटणाचा चाकू पडला होता. काळी मूठ, तिच्यावर सोनेरी ड्रॅगन. मी तो उचलला आणि सगळ्यांसमोर बोलून गेले, "काय रे, गुंड व्हायचंय का तुला?"

दुपारी त्याचे वडील आले. फळांची गाडी लावतात. हात जोडून म्हणाले, "टीचर, पहाटे माझ्याबरोबर पेट्या उतरवतो तो. सुतळी कापायला काहीतरी लागतंच. घाईत खिशात राहिला, खिशातून कंपासपेटीत गेला." मग थोडे थांबून, "पण असलाच चाकू का घेतलास म्हणून मीही विचारलं त्याला. म्हणाला, जत्रेत हाच स्वस्त होता."

मुलगा तीन दिवस शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी माझे वाक्य वर्गासमोर मागे घेतले. पण ऐकलेले शब्द मुलांच्या कानांतून काढता येत नाहीत. वर्षभर त्याने माझ्या तासाला मान वर केली नाही.

पुढे बरेच दिवस एक प्रश्न मला टोचत राहिला. त्या बापाने तेव्हा मला विचारले असते, "टीचर, मग कोणता चाकू द्यायला हवा होता?" तर माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे तर उत्तर आमच्या घरातच, पत्र्याच्या एका डब्यात पडले होते.

आमचे नाना खलाशी होते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कितीतरी मुस्लिम घरांतले पुरुष त्या काळी मुंबईच्या गोदीतून बोटीवर जात आणि वर्ष-दीड वर्षाने घरी येत. नानांच्या कमरेला असायचा तो घडीचा चाकू अम्मीकडे आला, अम्मीकडून माझ्याकडे. त्याला टोक नाही. पाते आखूड आणि रुंद, धार अगदी सरळ रेषेत, पाठ मात्र पुढे गोल उतरून धारेला मिळते. इंग्रजीत अशा पात्याला मेंढीच्या खुराचे नाव आहे. दुसऱ्या बाजूला एक जाड लोखंडी सुया घडी होऊन बसतो. त्याला धार नाही. ओल्या दोराची आवळलेली गाठ सोडवायला आणि दोराचे पीळ उकलून दोन दोर एकमेकांत गुंफायला तो लागतो.

टोक का नाही? बोट हलत असते. डोलकाठीवर चढलेल्या माणसाच्या हातून चाकू सुटला तर खाली दुसरा माणूस उभा असतो. खलाशाला दोर कापायचा असतो, कुणाला भोसकायचे नसते. म्हणून टोकच ठेवायचे नाही. लहानपणी मला तो चाकू मोडका वाटायचा. आता वाटते, इतके विचारपूर्वक केलेले अवजार आमच्या घरात दुसरे नाही. हातात घेताच कळते की हे कशासाठी आहे आणि कशासाठी नाही.

जगात नावाजलेली खिशातली अवजारे पाहिली तर त्यांचीही गोष्ट अशीच कामापासून सुरू होते. स्वित्झर्लंडच्या सैन्याला १८९०च्या सुमारास घडीचा चाकू हवा झाला तो लढाईसाठी नव्हे. नवी बंदूक खोलायला पेचकस लागत होता आणि जेवणाचे डबे उघडायला डबाफोडणी. तिथल्या कारागिरांकडे इतका माल करण्याची सोय नव्हती, म्हणून पहिले चाकू जर्मनीतल्या झोलिंगेन गावाहून आले. मग कार्ल एल्सेनर या स्विस कारागिराने ते काम आपल्या देशात आणले आणि १८९७मध्ये अधिकाऱ्यांच्या चाकूची नोंदणी केली. त्याच्या आईचे नाव व्हिक्टोरिया. ती १९०९मध्ये वारली तेव्हा त्याने कारखान्याला तिचे नाव दिले. पुढे न गंजणारे पोलाद आले, त्याचे 'इनॉक्स' हे नाव जोडले गेले आणि 'व्हिक्टोरिनॉक्स' झाले. लाल मुठीचा तो चाकू पुष्कळांनी पाहिला असेल, आईचे नाव मात्र थोड्यांना ठाऊक असते.

दुसरी गोष्ट टिम लेदरमन या अमेरिकन माणसाची. १९७५मध्ये तो बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप हिंडत होता. गाडी सारखी बिघडे, हॉटेलांचे नळ गळत. खिशात चाकू होता, पण दर वेळी त्याला हवी असे ती पक्कड. घरी येऊन तो पक्कड असलेला चाकू करत बसला. तो विकायला यायला १९८३ साल उजाडले.

मग आपल्याकडे चाकू म्हटले की गुंडच का आठवतो? याचे बरेचसे श्रेय आपल्या चित्रपटांना जाते. रामपूर हे उत्तर प्रदेशातले चाकू बनवणाऱ्या कारागिरांचे गाव. पण पडद्यावर रामपुरी निघाला की खलनायकाच्याच हातात निघायचा. 'वक्त'मध्ये राजकुमार चाकूबद्दल जे बोलतात ते आमच्या घरी माझ्या भावांना तोंडपाठ होते. जत्रेतला ड्रॅगनचा चाकू त्याच पडद्यावरून खाली उतरलेला आहे. आता ऑनलाइन दुकानांत तो काळ्या पात्याचा आणि भारी इंग्रजी नावाचा झाला आहे, एवढाच फरक.

ड्रॅगन बाजूला ठेवून कामाकडे पाहू. मी एक आठवडा कागद-पेन्सिल ओट्याजवळ ठेवली आणि घरात काय काय कापावे, उघडावे, पिळावे लागते ते लिहीत गेले. दुधाच्या पिशव्या, कुरिअरच्या खोक्यांवरची चिकटपट्टी, गणवेशाचा लोंबता दोरा, औषधाची पट्टी, चष्म्याचा सैल झालेला स्क्रू, रिमोटचे झाकण, धाकटीच्या बोटात गेलेली कूस, तांदळाच्या गोणीची शिवण, रेल्वेत पेरू. चाकूच हवा असे काम फक्त दोनदा निघाले, पेरूचे आणि गोणीचे. बाकी सगळीकडे कात्री, चिमटा, पेचकस.

म्हणून माझे पहिले मत असे की रोजच्या खिशासाठी किंवा पर्ससाठी आधी लहान कात्री घ्या. बोथट टोकांची, घडी होणारी मिळाली तर उत्तम. चष्मा लावणाऱ्यांनी बारीक पेचकस ठेवावा. लहान टॉर्च ठेवावा, कारण मोबाइलचा दिवा लावला की एक हात त्यातच अडकतो आणि बॅटरी नेमकी तेव्हाच संपलेली असते. हे सगळे एकत्र हवे असेल तर किल्लीच्या जुडग्यात बसणारा, घडी केल्यावर ५८ मिलिमीटरचा छोटा स्विस चाकू मिळतो. त्यात कात्री, चिमटा, दातकोरणी, कानस आणि करंगळीच्या दोन पेरांएवढे पाते असते. स्वस्त नाही. पण आमच्या एका सहकारी बाईंकडे तो बारा वर्षे आहे आणि त्यांनी पाते क्वचितच उघडले असेल. कात्री मात्र रोज उघडतात.

खोकी आणि सुतळी हेच ज्याचे काम, त्याने चाकूच्या वाटेला जाऊच नये. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारा सरकत्या पात्याचा कटर घ्यावा. हा जपानमधल्या ओसाका शहरात १९५६मध्ये निघाला. ओकादा नावाच्या माणसाला कागद कापताना पाते सारखे बोथट होण्याचा त्रास होता. फुटलेल्या काचेची धार आणि चॉकलेटच्या वडीवरच्या खाचा यांवरून त्याला सुचले की पात्यावरच खाचा ठेवाव्यात आणि बोथट झालेला तुकडा मोडून टाकावा. पेट्या-गोण्यांसाठी १८ मिलिमीटर रुंद पात्याचा घ्या, ९ मिलिमीटरचा कागदासाठी ठीक. मोडलेले तुकडे मात्र उघड्या केरात टाकू नका. केर उचलणाऱ्या बाईचा हात कापतो. झाकणाच्या जुन्या बाटलीत साठवा.

आणि खरोखरच चाकू हवा असेल, म्हणजे बागेत काम आहे, कलमे बांधायची आहेत, फळे कापायची आहेत, तर काय पाहावे? पाते अडीच-तीन इंचांहून मोठे नको. बटणाने उघडणारे तर नकोच, नखाच्या खाचेत नख घालून दोन्ही हातांनी उघडावे लागते तेच बरे. काही चाकूंत पाते फक्त स्प्रिंगच्या दाबावर उघडे राहते, काहींत अडकण असते. हलक्या कामाला पहिले पुरते. जोर लावायचा असेल तर अडकण हवी, नाहीतर पाते मिटून बोटांवर येते. फ्रान्समधल्या ओपिनेल चाकूला मुठीवर एक लोखंडी कडे असते, ते फिरवले की पाते जागेवर अडकते. या चाकूंत मुलांसाठी गोल टोकाचाही एक प्रकार मिळतो. तो पाहून मला नानाच आठवले.

पोलादाचे म्हणाल तर साधे कार्बन पोलाद लवकर धार घेते, पण कोकणच्या पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर तांबेरा चढतो. कैरी कापून तसेच ठेवले तर पाते काळे पडते. आपल्या दमट हवेत न गंजणारे पोलादच सोयीचे. आणि धार ठेवा. बोथट चाकू निर्धोक असतो ही समजूत अगदी उलटी आहे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरते, आणि घसरले की समोर आपलेच बोट असते.

आता कायद्याचे. १९५९च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती, उद्योग यांसाठी बनवलेले त्यातून वगळले आहेत. दिल्लीत तर १९८०च्या अधिसूचनेमुळे बटणाचा किंवा खटक्याचा तीन इंची चाकूही अडचणीत आणतो. महाराष्ट्रात सणावारी, मोर्चांच्या किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतात. त्या काळात चाकूच काय, लाठी-काठी बाळगायलाही मनाई असू शकते. ऑनलाइन मिळते म्हणजे कुठेही, कधीही जवळ ठेवता येते असे नाही. शाळेच्या दप्तरात तर कसलाच चाकू नको, यावर माझे मत त्या दिवशीही तेच होते, आजही तेच आहे.

पुढचे लिहू की नको असा विचार केला. आपल्या मुलाच्या खिशात सापडलेला चाकू आणि दुसऱ्या कुणाच्या खिशात सापडलेला चाकू यांच्याकडे सारख्याच नजरेने पाहिले जाते, असे मला मनापासून म्हणता येत नाही. फळवाल्याचा मुलगा जत्रेतून ड्रॅगन आणतो तेव्हा त्याला हे ठाऊक नसते. आपल्याला असते, म्हणून आपण घाबरतो आणि घाबरून मुलावर ओरडतो. बाहेरच्यांचे कशाला सांगू? त्या दिवशी वर्गात ती नजर माझीच होती. अवजार असे निवडावे की पाहणाऱ्याला त्याचे काम पाहताक्षणी कळावे, असे मी आता मुलांना सांगते. हे सांगावे लागते याचे वाईट वाटते, तरी सांगते.

उमराहला जाणाऱ्या भगिनींसाठी एक बारीकशी गोष्ट. शेवटी केसांची बट कापायला लहान कात्री लागते आणि आपण ती हमखास हाताजवळच्या पर्समध्ये ठेवतो. विमानतळावर ती काढून घेतली जाण्याची वेळ येते, आणि मग तिथे दुसरीची कात्री मागत फिरावे लागते. घरूनच मोठ्या बॅगेत टाका, जी सामानात जमा होते. फळांची सुरी असेल तर तीही तिथेच.

यंदा आमचा थोरला डिप्लोमासाठी पुण्याला वसतिगृहात गेला. जाण्याआधी त्याच्या मोबाइलवर काळ्या पात्याचा एक चाकू निवडून ठेवलेला दिसला.

"अम्मी, फक्त सफरचंद कापायला."

"सफरचंद कापायला काळं पातं कशाला, बाळा?"

दोन दिवस घरात धुसफूस झाली. शेवटी त्याच्या बॅगेत कात्री, पेचकस, टॉर्च आणि खोलीतच ठेवायची झाकणाची फळसुरी गेली. निघताना त्याने नानांचा चाकू मागितला. मी दिला नाही. तो डब्यातच आहे, खोबरेल लावून फडक्यात गुंडाळलेला. बकरी ईदच्या आधी धारवाला गल्लीत येतो तेव्हा सुऱ्यांबरोबर तोही बाहेर काढते. धारवाला दर वर्षी विचारतो, "बाई, याला टोक काढून देऊ का?"

गेल्या रमजानमध्ये इफ्तारसाठी कलिंगड घ्यायला त्या फळांच्या गाडीवर गेले होते. मुलगा आता बापाच्या खांद्याला लागला आहे. आयटीआयला जातो म्हणाला. त्याने सलाम केला, मान वर करून. पेटीची सुतळी कापत होता, हातात पिवळ्या मुठीचा कटर. कापून झाल्यावर पाते आत सरकवून त्याने तो वजनकाट्याशेजारी ठेवला आणि मला विचारले, "टीचर, आजच कापायचंय की उद्याला?"