प्राथमिक शिक्षक आणि विद्यापीठाची पदवी

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन सादर केले, त्यात प्राथमिक शाळेतील शिक्षकाविषयी स्पष्ट मागणी आढळते. शिक्षक प्रशिक्षित असावा, त्याचे वेतन दरमहा बारा रुपयांहून कमी नसावे आणि मोठ्या गावी ते पंधरा ते वीस रुपयांपर्यंत असावे, असे त्यांचे म्हणणे होते. वरिष्ठ वर्गांच्या उच्च शिक्षणावर होणारा सरकारी खर्च आणि बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची झालेली हेळसांड यांवर त्या निवेदनाचा रोख आहे, हे सर्वश्रुतच आहे. परंतु ह्या विषमतेचा एक धागा अभ्यासकांच्या दृष्टीतून बहुधा निसटतो. मुलांची शाळा आणि विद्यापीठ यांच्यामध्ये जसे अंतर पडले, तसेच ते मुलांचा शिक्षक आणि विद्यापीठ यांच्यामध्येही पडले. आणि पहिले अंतर काही अंशी भरून निघू लागल्यानंतरही दुसरे दीर्घकाळ तसेच राहिले.

माध्यमिक शाळेचा शिक्षक पदवीधर असे, आणि त्याचे अध्यापनविषयक शिक्षणही बी.टी. किंवा पुढे बी.एड. ह्या विद्यापीठाच्या पदवीनेच पुरे होई. प्राथमिक शिक्षकाची वाट वेगळी होती. मुंबई इलाख्यात व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झालेला तरुण मास्तर होई आणि सवड व संधी मिळाल्यास ट्रेनिंग कॉलेजात जाऊन येई. ह्या संस्थांच्या नावात ‘कॉलेज’ हा शब्द होता खरा, पण विद्यापीठाशी त्यांचा संबंध नव्हता. पी.टी.सी., डी.एड. आणि आता डी.एल.एड. अशी प्रमाणपत्राची नावे बदलत गेली, प्रवेशासाठी लागणारी शालेय पात्रता बारावीपर्यंत चढली; परीक्षा मात्र शासनाच्या यंत्रणेकडेच राहिली. लहान मुलांस शिकविणे हे कौशल्याचे काम असेल, परंतु ज्ञानाचे काम नव्हे, अशी एक अनुच्चारित समजूत ह्या व्यवस्थेच्या मुळाशी होती असे म्हणावयास हरकत नाही.

कोठारी आयोगाने (१९६४-६६) ह्या दुराव्याचे निदान अचूक केले. जे. पी. नाईक हे त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते, आणि ग्रामीण शिक्षणाचा त्यांचा अनुभव पाहता हे निदान नवलाचे नाही. अध्यापक-शिक्षण हे विद्यापीठीय जीवनापासून तुटलेले आहे, शाळांपासून तुटलेले आहे आणि अध्यापक-शिक्षणाच्या संस्था परस्परांपासूनही तुटलेल्या आहेत, असे आयोगाने म्हटले. परंतु उपाय सुचविताना प्राथमिक शिक्षकासाठी दहा वर्षांचे शालेय शिक्षण आणि त्यावर दोन वर्षांचा अभ्यासक्रम एवढीच किमान अट त्याने घातली. देशास लागणाऱ्या शिक्षकांची संख्या पाहता ह्याहून अधिक मागणे त्या काळी व्यवहार्य नव्हते, हेही मान्य केले पाहिजे. बारावीनंतर चार वर्षांचा सलग अभ्यासक्रम असावा, ही शिफारस डी. पी. चट्टोपाध्याय यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय शिक्षक आयोगाने (१९८३-८५) केली.

ह्या विचारास प्राथमिक स्तरावर प्रत्यक्ष रूप मिळाले ते १९९४ साली, दिल्ली विद्यापीठात. तेथील मौलाना आझाद प्राथमिक व सामाजिक शिक्षण केंद्राने प्राथमिक शिक्षणाची चार वर्षांची पदवी आखली, ती बी.एल.एड. ह्या नावाने ओळखली जाते. विद्यापीठाच्या महिला महाविद्यालयांत, इतिहास, रसायनशास्त्र वा इंग्रजीच्या विभागांशेजारी हा अभ्यासक्रम चालू झाला. ही शेजारण्याची गोष्ट वरवर किरकोळ वाटते; परंतु ज्या विद्यार्थिनीने एरवी गावाबाहेरच्या एखाद्या एकाकी अध्यापक विद्यालयात दोन वर्षे काढली असती, तिला ग्रंथालय, वादसभा आणि इतर शाखांचे प्राध्यापक प्रथमच लाभले. प्रशिक्षणार्थी आणि विद्यार्थी ह्यांत फरक पडतो तो अशा ठिकाणी.

अभ्यासक्रमाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. बालविकास, समकालीन भारत, आकलन आणि अध्ययन, भाषासंपादन, लिंगभाव आणि शालेय शिक्षण हे त्यातील सैद्धांतिक विषय. त्यांच्या जोडीला नाट्य, हस्तव्यवसाय, मुलांचे निरीक्षण आणि स्वतःच्या घडणीकडे पाहण्याची आत्मविकासाची शिबिरे. चौथ्या वर्षी सतरा आठवड्यांची शालेय उमेदवारी असून तीत विद्यार्थिनीने पूर्ण वर्ग सांभाळावयाचा असतो. चार-दोन ‘पाठ’ घेऊन, निरीक्षकाच्या वहीत शेरा मिळवून परत येण्याची जी प्रथा आपल्याकडे रूढ आहे, तिच्याशी ह्याची तुलना करण्याचे कारण नाही. सर्वांत विलक्षण भाग मात्र पहिल्याच वर्षी येतो. गणित, निसर्गविज्ञान, सामाजिक शास्त्रे आणि भाषेचे स्वरूप हे विषय तेथे पुन्हा शिकावे लागतात, आणि तेही शालेय पायापासून.

पदवीच्या विद्यार्थ्यास बेरीज-वजाबाकी, स्थानिक किंमत आणि अपूर्णांक पुन्हा शिकावयास लावणे हा काहींस वेळेचा अपव्यय वाटतो. वस्तुतः सर्व वादाचे मर्म येथेच आहे. ५२ मधून २७ वजा करताना एखादे मूल ३५ असे उत्तर देते. अप्रशिक्षित शिक्षक त्यावर फुली मारून पुढे जातो. जाणता शिक्षक पाहतो की, मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. म्हणजे त्याला वजाबाकी येते, परंतु ५२ ही एक संख्या आहे ह्याचे भान सुटले आहे. चूक एकाच जातीची आणि नियमबद्ध आहे, म्हणूनच ती दुरुस्त करता येते. मराठीत आणखी एक अडचण आहे. ‘पंचवीस’ ह्या शब्दात पाच आधी ऐकू येतात आणि वीस मागाहून; लिहिताना मात्र दोन आधी लिहावे लागतात. मूल ५२ लिहिते ते कानाशी प्रामाणिक राहून. ‘एकोणतीस’ तर कानाला तिसाच्या घरचा वाटतो आणि लिहावयाचा विसाच्या घरात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी संख्यावाचनाची पद्धत देण्यात आली, तेव्हा वृत्तपत्रांतून आणि विधिमंडळातही तिची चेष्टा झाली. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी मुलांच्या अडचणीचा विचार करून हा पर्याय ठेवल्याचे सांगितले होते. तो योग्य की अयोग्य हा येथे प्रश्न नाही. त्या वादात भाषाप्रेमी बोलले, राजकारणी बोलले. सहा-सात वर्षांचे मूल त्रेसष्ट कसे ऐकते आणि कसे लिहिते, हे रोज डोळ्यांनी पाहणाऱ्या प्राथमिक शिक्षकाचे मत मात्र फारसे कोणी विचारले नाही. त्याच्याजवळ ह्या विषयाचे ज्ञान असू शकते, आणि ते विद्वत्सभेत मांडण्याच्या योग्यतेचे असू शकते, ही कल्पनाच रुजलेली नव्हती.

तथापि पदवी आली म्हणजे हे ज्ञान आपोआप येते, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. लिपिंग मा ह्या संशोधिकेचा १९९९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास ह्या संदर्भात प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावयास हवा. तिने २३ अमेरिकी आणि ७२ चिनी प्राथमिक शिक्षकांना काही सोपे प्रश्न घातले. अमेरिकी शिक्षक पदवीधर होते. चिनी शिक्षकांचे एकूण शिक्षण, शिक्षक-प्रशिक्षण धरून, अकरा-बारा वर्षांहून फारसे अधिक नव्हते. पावणेदोनला अर्ध्याने भागा आणि ह्या भागाकारास साजेसे एखादे शाब्दिक उदाहरण तयार करा, असा एक प्रश्न होता. पावणेदोन भाकरींत अर्ध्या भाकरीचे किती वाटे होतील, असे विचारले की उत्तर साडेतीन हे आपल्याकडील गृहिणीही सांगेल. चिनी शिक्षकांपैकी सर्वांनी गणित बरोबर सोडविले. अमेरिकी शिक्षकांपैकी निम्म्यांनाही ते साधले नाही, आणि उदाहरण रचताना अनेकांनी ‘अर्ध्याने भागणे’ आणि ‘दोहोंनी भागणे’ ह्यांत गल्लत केली. चिनी शिक्षकांचे हे ज्ञान शाळेतच, सहकाऱ्यांसमवेत पाठ्यपुस्तकाचा बारकाईने अभ्यास करून वाढलेले होते. तात्पर्य, पदवीत काय शिकविले जाते आणि पदवीनंतर शाळेत काय घडते, ह्यांवर सर्व अवलंबून आहे. बी.एल.एड.ने शालेय गणिताचे पुनरध्ययन पहिल्या वर्षात घातले, ह्याचे महत्त्व ह्या अभ्यासाच्या प्रकाशात अधिक उठून दिसते.

कायद्याने ह्या पदवीस मान्यता दिली, प्राधान्य मात्र दिले नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्यान्वये राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने २३ ऑगस्ट २०१० रोजी जी अधिसूचना काढली, तीत पहिली ते पाचवीच्या शिक्षकासाठी बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका किंवा चार वर्षांची बी.एल.एड. पदवी, आणि त्याखेरीज पात्रता परीक्षा, अशा अर्हता ठरविल्या. जागा तीच, मग चार वर्षे कोणी का घालवावीत, ह्या प्रश्नास अधिसूचनेत उत्तर नाही. पुढे २८ जून २०१८ च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांनाही ह्या वर्गांसाठी पात्र ठरविले. नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा सेतू अभ्यासक्रम पुरा केला म्हणजे झाले. राजस्थान उच्च न्यायालयाने ही अधिसूचना २०२१ मध्ये रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. बी.एड.चे शिक्षण वरच्या वर्गांसाठी असते, लहान मुलांस शिकविण्याचे शास्त्र वेगळे आहे, आणि मुलांच्या मूलभूत हक्कात दर्जेदार शिक्षणाचा समावेश होतो, अशी न्यायालयाची भूमिका होती. त्या दिवसापूर्वी झालेल्या काही नेमणुकांस २०२४ मध्ये संरक्षण देण्यात आले. मोठी पदवी म्हणजे लहान वर्गाची पात्रता नव्हे, हे शिक्षणशास्त्रज्ञ पूर्वीपासून सांगत आले होते; ते न्यायालयाने सांगितल्यावर भरतीच्या नियमात उतरले.

महाराष्ट्राचा संबंध ह्या इतिहासात फारसा भूषणावह नाही. राज्यातील २९१ अध्यापक विद्यालयांच्या मान्यतेवरून निर्माण झालेला वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्यायमूर्ती जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. ह्या संस्थांपैकी बहुसंख्य मान्यतेस अपात्र आहेत असे आयोगास आढळले. २०१२ च्या त्याच्या अहवालात अध्यापक-शिक्षण हे अनेक विद्याशाखा असलेल्या संस्थांत नेण्यावर भर आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने त्यापुढे जाऊन २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्म बी.एड. ही शिक्षकाची किमान पदवी ठरविली. ह्या नव्या पदवीसाठी दिल्ली विद्यापीठाच्या विद्वत्परिषदेने २०२३ मध्ये बी.एल.एड.ची जागा रिकामी करण्याचा ठराव केला. काही सदस्यांनी त्यास विरोध नोंदविला. ज्या प्रयोगावरून चार वर्षांच्या पदवीची कल्पना सिद्ध झाली, तोच तिच्या नावाने बाजूस सारला जावा, हा योग विचित्र खरा. नव्या रचनेत शिक्षणशास्त्राबरोबर एक विद्याशाखा मुख्य विषय म्हणून घ्यावयाची असते. तीत प्राथमिक गणित आणि भाषा यांच्या पुनरध्ययनास किती अवकाश उरतो, हे अभ्यासक्रम आखणाऱ्या विद्यापीठांच्या समजुतीवर राहील.

परदेशातील उदाहरण म्हणून फिनलंडचे नाव नेहमी घेतले जाते. तेथे १९७० नंतरच्या दशकात प्राथमिक शिक्षकांचे शिक्षण विद्यापीठांकडे गेले आणि १९७९ पासून वर्गशिक्षकास पदव्युत्तर पदवी आवश्यक झाली. मात्र त्या विद्यापीठांच्या स्वतःच्या सराव शाळा आहेत, ही बाब आपल्याकडील चर्चेत क्वचितच येते. सराव शाळेवाचून विद्यापीठाने हे काम हाती घेणे म्हणजे रुग्णालयावाचून वैद्यकीय महाविद्यालय काढणे होय.

एक आक्षेप उरतो, आणि तो गंभीर आहे. बारावीनंतरची दोन वर्षांची पदविका ही महाराष्ट्रातील शेतकरी, दलित व कष्टकरी घरांतील मुलामुलींना पगारी नोकरीकडे नेणारी सर्वांत जवळची वाट होती. तालुक्याच्या गावी राहून ती पुरी होत असे; मुलीला दूर पाठवावयास घर तयार नसले तरी अध्यापक विद्यालयात पाठवीत असे. चार वर्षांचा खर्च आणि जिल्ह्याच्या वा महानगराच्या ठिकाणचा निवास ह्यांमुळे ही वाट अरुंद होणार. फुल्यांनी हंटर आयोगाकडे प्रशिक्षित शिक्षक मागितला होता, तसाच तो शेतकरीवर्गातून आलेला, अंगमेहनतीची लाज न बाळगणाराही मागितला होता. ह्या दोन मागण्या एकमेकींस छेद देऊ नयेत असे वाटत असेल, तर पदवीबरोबर विद्यावेतन आणि वसतिगृह ह्यांची तरतूद करावी लागेल, आणि जिल्हा परिषदेच्या शाळा उमेदवारीसाठी विद्यापीठाशी जोडाव्या लागतील. प्रत्येक जिल्ह्यातील शिक्षण व प्रशिक्षण संस्थेजवळ शाळांशी रोजचा संबंध आहे आणि विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागाजवळ पदवी देण्याचा अधिकार आहे. आज ह्या दोहोंचे कागदपत्र वेगवेगळ्या खात्यांत फिरतात.