दाताचा गर आणि चरबीचे निरोप

गैरसमज : चरबी म्हणजे अंगावर साचलेला निव्वळ साठा.
वस्तुस्थिती : चरबीच्या पेशी प्रथिने बनवून रक्तात सोडतात आणि ती दूरच्या अवयवांना निरोप पोचवतात. या प्रथिनांना अ‍ॅडिपोकाइन म्हणतात. त्यांपैकी भूक आवरणाऱ्या लेप्टिनचा शोध १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लावला.

गैरसमज : दातात फक्त नस असते, ती मेली की विषय संपला.
वस्तुस्थिती : दाताच्या पोकळीतल्या मऊ गरात मज्जातंतूंबरोबर रक्तवाहिन्या, संरक्षक पेशी आणि मूलपेशीही असतात. गराच्या कडेला डेंटिन, म्हणजे गराभोवतीचा कठीण थर, बनवणाऱ्या पेशींची रांग असते. कीड आत सरकू लागली की याच पेशी नवे डेंटिन रचून तिची वाट अडवतात. मुळाच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून रक्त आत येते आणि रक्तातले निरोपही त्याच वाटेने येतात.

गैरसमज : लेप्टिनचे काम भुकेपुरते, दाताशी त्याचा काय संबंध?
वस्तुस्थिती : स्पेनमधल्या सेव्हिल विद्यापीठाच्या संशोधकांनी माणसाच्या अक्कलदाढांचा गर तपासला. त्यात लेप्टिन सापडले, ते ओळखणारे पेशींवरचे ग्राही (रिसेप्टर) देखील सापडले. सुजलेल्या गरात लेप्टिनचे प्रमाण निरोगी गरापेक्षा जास्त होते. प्रयोगशाळेत गराच्या पेशींना लेप्टिन दिल्यावर डेंटिन घडवणाऱ्या प्रथिनांची निर्मिती वाढल्याचेही दिसले.

गैरसमज : म्हणजे ही प्रथिने दातांना तारकच, किंवा मारकच.
वस्तुस्थिती : लेप्टिन डागडुजीला हातभार लावते, पण दाहही भडकवू शकते. अ‍ॅडिपोनेक्टिन हे दुसरे प्रथिन साधारणपणे दाह आवरते. लठ्ठपणात बहुधा लेप्टिन वाढते आणि अ‍ॅडिपोनेक्टिन घटते, त्यामुळे तोल दाहाच्या बाजूला झुकतो. इतरत्र सूज आली तर ऊती फुगायला जागा असते. दातात चहूबाजूंनी कठीण भिंती असल्याने आतला दाब वाढतो. म्हणून गराचा दाह इतका असह्य ठणकतो.

गैरसमज : वजन उतरवले की दाढदुखी थांबेल.
वस्तुस्थिती : कीड लागते ती साखरेवर वाढणाऱ्या जिवाणूंच्या आम्लामुळे. अ‍ॅडिपोकाइन आणि गर यांच्याविषयीचा बहुतेक पुरावा प्रयोगशाळेतल्या पेशी व ऊतींवरचा आहे. त्यावरून गोळी किंवा आहाराचा नुस्खा काढणे चुकीचे ठरेल. वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे साऱ्या शरीराच्या हिताचे आहे, पण किडलेल्या दाढेवर तो उपाय नव्हे.

थंड पाण्याची कळ क्षणात ओसरत असेल तर गर वाचण्याची शक्यता चांगली असते. कळ बराच वेळ रेंगाळत असेल किंवा दाढ रात्री आपोआप ठणकून झोपमोड होत असेल, तर लवंग किंवा वेदनाशामक गोळीवर दिवस काढू नका, दंतवैद्याकडे जा. तिथे आपला मधुमेह, वजन आणि चालू औषधे आवर्जून सांगा. दात हा शरीराचाच जिवंत भाग आहे, त्यामुळे त्याच्यावर उपचार करणाऱ्याला साऱ्या शरीराची माहिती हवी.