एका शेतकरणीने काय रंगविले



शेतीमालाच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणून मी बरीच वर्षे काम केले. भोपळ्याचे वजन, कणसाची लांबी, कांद्याचा रंग पाहायचा आणि गुण मांडायचे. एका वर्षी महिलांच्या टेबलावर एका आजीबाईंनी लिंबाच्या लोणच्याची बरणी ठेवली होती. तिच्या शेजारी मांजरपाटावर रंगीत दोऱ्याने भरलेले एक चित्र होते : विहीर, मोटेचे बैल आणि बांधावरून न्याहारी घेऊन येणारी बाई. लोणच्याला मी पहिला नंबर दिला. चित्रासाठी आमच्या कागदावर रकानाच नव्हता. पुढच्या वर्षी आजीबाई आल्या नाहीत. ते चित्रही मला पुन्हा दिसले नाही.

हे आज सांगण्याचे कारण म्हणजे अमेरिकेतील एका शेतकरणीची हकिकत. तिच्या बाबतीतही असेच घडले होते. गावाकडच्या प्रदर्शनात तिच्या मुरंब्याला बक्षीस मिळाले, चित्रांना काहीच नाही. तिचे नाव ॲना मेरी रॉबर्टसन मोझेस. जग तिला ‘ग्रँडमा मोझेस’, म्हणजे मोझेस आजी, या नावाने ओळखते.

लिंबाच्या रसाचे रंग

न्यूयॉर्क राज्यातील ग्रीनिच येथे ७ सप्टेंबर १८६० रोजी एका शेतकऱ्याच्या घरी ॲनाचा जन्म झाला. दहा भावंडांतली ती तिसरी. वडील शेती सांभाळून जवसाच्या झाडापासून धागा काढण्याची गिरणी चालवीत. मुलांना चित्रे काढता यावीत म्हणून ते स्वस्तातला कोरा कागद आणीत. रंगांना पैसे कुठले? ॲना द्राक्षाचा आणि लिंबाचा रस कागदावर फिरवून डोंगर-झाडे काढी.

बाराव्या वर्षी ती दुसऱ्यांच्या घरी कामाला राहिली. पंधरा वर्षे हेच चालले. १८८७ साली टॉमस मोझेस या शेतगड्याशी तिचे लग्न झाले. दोघे कामासाठी नॉर्थ कॅरोलायनाकडे निघाली होती. वाटेत व्हर्जिनियातील स्टाँटनला थांबली आणि तिथेच खंडाने शेत घेऊन राहिली. संसाराला हातभार म्हणून ॲना लोणी काढून विकी, बटाट्याचे काप तळून विकी. दहा बाळंतपणे झाली, त्यांतली पाचच मुले जगली. १९०५ साली कुटुंब न्यूयॉर्क राज्यातील ईगल ब्रिजला परतले, तेव्हा पाच लहानगी थडगी त्या खोऱ्यातच मागे राहिली.

ईगल ब्रिजच्या शेताला त्यांनी ‘माउंट नेबो’ हे नाव दिले. बायबलमधल्या मोझेस या प्रेषिताने देवाने कबूल केलेली भूमी ज्या डोंगरावरून पाहिली, तो हा नेबो. आपल्याकडे मळ्याला देवाचे नाव देतात, तसेच हे.

हात थांबले नाहीत

१९१८ साली बैठकीच्या खोलीला कागद लावताना तो पुरला नाही. शेकोटीपुढची फळी तशीच राहिली. बाईंनी तिच्यावर पांढरा कागद चिकटवला आणि एक देखावा रंगविला. पण शेतीच्या रगाड्यात पुढे कितीतरी वर्षे रंगांना फारसा वेळ मिळाला नाही.

१९२७ साली टॉमस वारले. मुले कर्ती झाली होती. बाई लोकरीच्या धाग्याने चित्रे भरू लागल्या. मग संधिवाताने बोटे आखडली, सुई धरवेना. बहीण म्हणाली, त्यापेक्षा कुंचला धर, ते सोपे जाईल. तेव्हा आजींचे वय पंचाहत्तरीच्या आसपास होते.

‘पिकते तिथे विकत नाही’ असे आपण म्हणतो. हूसिक फॉल्स गावातील औषधाच्या दुकानात आजींची चित्रे काचेआड मांडलेली होती. किंमत तीन डॉलर, पाच डॉलर. गावातले लोक रोज त्यांच्यासमोरून जात. १९३८ साली न्यूयॉर्क शहरातील लुई कॅल्डर नावाचे एक इंजिनीअर तिथे थांबले. त्यांनी सगळी चित्रे घेतली आणि घर शोधत जाऊन आणखी घेतली.

ऑक्टोबर १९४० मध्ये न्यूयॉर्क शहरात ऑटो कॅलीर यांच्या कलादालनात आजींचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले. त्याचे नाव होते, ‘एका शेतकरणीने काय रंगविले’. आजी तेव्हा ऐंशी वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी शहरातील एका मोठ्या दुकानाने त्यांना बोलावले. जमलेले लोक चित्रांविषयी ऐकायला उत्सुक होते. आजी बोलल्या त्या आपल्या मुरंब्यांविषयी!

१९४९ साली राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या हस्ते त्यांचा सन्मान झाला. १३ डिसेंबर १९६१ रोजी, वयाच्या १०१ व्या वर्षी त्या वारल्या. त्यांनी दीड हजारांहून अधिक चित्रे केली. शंभरी ओलांडल्यावरही त्यांचा कुंचला चालूच होता.

चित्र कसे तयार होई

पद्धत अगदी घरगुती. आधी जुनी चौकट मिळवायची आणि तिच्या मापाने हार्डबोर्डचा तुकडा कापायचा. त्यावर जवसाचे तेल फिरवायचे आणि मग पांढऱ्या रंगाचे तीन हात द्यायचे. वाफा नीट तयार केल्याशिवाय रोप लावायचे नाही, तसेच हे. रंगविण्याचा क्रम वरून खाली : आधी आकाश, मग डोंगर, मग झाडे, घरे, जनावरे आणि शेवटी माणसे. शेतकऱ्याचाही क्रम हाच नाही का? सकाळी उठल्यावर त्याची नजर आधी आभाळाकडे जाते.

आजींना चित्रकलेचे शिक्षण नव्हते. त्यांच्या चित्रांत सावल्या जवळजवळ नाहीतच. बर्फ मात्र त्या चमकीची पूड टाकून चमकवीत. खरा बर्फ उन्हात चमकतो, मग चित्रात का नको?

काय ठेवले, काय वगळले

त्यांच्या चित्रांत गवताची कापणी आहे, मेंढ्या धुणे आहे, बायकांनी एकत्र बसून गोधड्या शिवणे आहे. सुगीनंतर देवाचे आभार मानण्याचा सण आहे, नाताळसाठी रानातून झाड आणणे आहे. १९४३ च्या एका चित्रात मेपल झाडांचा रस गोळा करून रानात कढईत आटवण्याचे काम चालले आहे. आपले गुऱ्हाळच म्हणा. साधारण चाळीस लिटर रस आटवावा तेव्हा एक लिटर पाक मिळतो. पोरे गरम पाक बर्फावर ओतून खातात, जशी आपली पोरे काकवीसाठी कढईभोवती घोटाळतात. हेच चित्र २००६ साली बारा लाख डॉलरला विकले गेले.

पण किमतीपेक्षा मला दुसरी गोष्ट मोठी वाटते. आजी हे सारे समोर पाहून रंगवीत नसत, आठवून रंगवीत. त्या म्हाताऱ्या होईपर्यंत घोड्यांची जागा ट्रॅक्टरने घेतली होती. ती शेती पाहिलेली माणसे एकेक करून जात होती. त्या रमणीय खोऱ्यात पाच थडगी होती हे आजींना ठाऊक होते, तरी त्यांनी नातवंडांसाठी आनंदाचे दिवस निवडले. जुने बियाणे जपणारी बाईही भरलेले, निरोगी कणीसच बाजूला काढते.

आपल्याकडे मोट गेली, खळ्यावरची बैलांची पात गेली. ती डोळ्यांनी पाहिलेली माणसे अजून काही घरांत आहेत. त्यांना पांढऱ्या रंगाचा हात दिलेला एक हार्डबोर्ड आणि रंगांच्या चार डब्या आणून द्या. रंग नको असतील तर सुई-दोरा द्या. नीट जमते का, हे विचारू नका. ‘विहिरीवर काय काय असायचे?’ एवढेच विचारा. झालेल्या चित्रामागे त्यांचे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा.

आणि प्रदर्शनाला येताना लोणच्याबरोबर तेही आणा. परीक्षकाच्या कागदावर रकाना नसेल, तर तो तिथल्या तिथे आखायला लावा. मी आखला नाही, ती चूक मला आजही बोचते.